ओझे आणि वजन

१

१९८६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. बाजार समिती असलेल्या एका गावी माध्यमिक शाळेत मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. नोकरीला चार वर्षे झाली होती. शाळेकडे साहित्यासाठी पैसा नव्हता. म्हणून नळाचा एक जुना लोखंडी पाइप मिळवून त्याच्या दोन्ही टोकांना ऑईलच्या डब्यांत सिमेंट ओतून मी उचलायचा दांडा तयार केला होता. शाळा सुटली की नववी-दहावीची मुले त्याभोवती जमत. कोण किती वेळा उचलतो याच्या पैजा लागत, आणि खरे सांगायचे तर त्या पैजा मीच लावीत असे. एके दिवशी मी मतदार याद्यांच्या कामाला गेलो असताना नववीतला एक मुलगा वर्गातल्या बाकावर उताणा पडून एकट्यानेच तो दांडा छातीवरून वर ढकलू गेला. दांडा कलला आणि त्याच्या मनगटाचे हाड मोडले.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील शाळेत आले. बाजारात हमाली करणारा माणूस. तो भांडेल असे मला वाटले होते. तो भांडला नाही. "जयभीम गुर्जी" म्हणाला, बाहेरच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "हात मोडला त्याचं काय नाय. माझा बी दोनदा मोडलाय. पन मी पोत्याखाली हाय म्हून पोराला साळंत घातलं. हितं बी तुमी त्याला वजनच उचलाया लावता, व्हय?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. 'व्यायाम चांगला असतो' हे वाक्य त्या माणसाच्या वाकलेल्या मानेपुढे उच्चारण्याची मला लाज वाटली. पुढे तीस वर्षे मी शाळेत मुलामुलींना वजनाचा व्यायाम शिकवला आणि २०१६ साली निवृत्त झालो. या सगळ्या काळात तो प्रश्न माझ्याबरोबर होता. त्याचे उत्तर केवळ शरीरशास्त्रात सापडत नाही, ते आपल्या इतिहासातही शोधावे लागते, म्हणून हा लेख.

२

आपल्या समाजाचा आणि ओझ्याचा संबंध जुना आहे. गावगाड्यात महाराने काय काय वाहायचे याची यादी लांबलचक होती. गावात आलेल्या सरकारी अंमलदाराचे सामान पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, वसुलाच्या रकमेबरोबर तालुक्याला जायचे, सरपण आणायचे, मेलेले ढोर ओढायचे. यातल्या कुठल्याही कामाला वेळेची मर्यादा नव्हती, वजनाचीही नव्हती. हाक आली की जायचे. १८७४च्या वतन कायद्याने या वेठीवर सरकारी शिक्का मारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा त्यांचा मुख्य आग्रह हाच होता की कामे निश्चित व्हावीत आणि मोबदलाही निश्चित व्हावा. वतने प्रत्यक्षात खालसा झाली ती १९५८च्या कायद्याने. म्हणजे आज सत्तरीत असलेल्या माणसांच्या वडिलांनी ती वेठ आपल्या डोक्यावरून वाहिलेली आहे.

आमच्या सभांतून एक वाक्य हमखास ऐकू येते. आमच्या बापजाद्यांना व्यायामशाळेची गरज नव्हती, कष्टानेच त्यांची अंगे पोलादी झाली होती. हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते, पण ते खरे नाही. माझे चुलते चाळिशीतच कमरेत वाकले होते. कष्टाने अंग बनते हे अर्धेच सत्य आहे. पुरेसे अन्न, विश्रांती आणि पेलेल एवढाच भार मिळाला तर कष्टानेही अंग बनेल. या तीन गोष्टी नसतील तर तेच कष्ट अंग झिजवतात. भार पडला की स्नायू प्रथम थकतो, त्याची थोडी मोडतोड होते, आणि नंतरच्या विश्रांतीत व अन्नातून तो पूर्वीपेक्षा किंचित बळकट होऊन उभा राहतो. ताकद येते ती विश्रांतीच्या काळात. वेठबिगाराला नेमका हाच काळ नाकारला गेला होता.

३

दुसऱ्या बाजूला याच प्रदेशात बळाची उपासनाही चालू होती. तालमीत जोर, बैठका, जोडी, मुद्गल, नाल असा पायरीपायरीने चढत जाणारा अभ्यासक्रम होता. शिकवायला वस्ताद होता, खुराकाला दूध-बदाम होते, मालिश होती, झोप होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला मोठा आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. व्यायामाच्या इतिहासात ही सगळी नावे आदराने येतात आणि ती यावीतही.

पण बहुतेक गावांत तालमीच्या दारात आमची वाट संपत असे. कुस्ती हा स्पर्शाचा खेळ. हौद्यातली माती सगळ्यांच्या अंगाला लागते, आणि समोर मारुतीची मूर्ती असते. ज्याला पाणवठ्यावर येऊ द्यायचे नाही त्याला त्या मातीत कसे येऊ देणार? म्हणजे गावाची वाटणी अशी झाली होती: भार वाहायचा आम्ही, आणि भार पेलण्याचे शास्त्र शिकायचे दुसऱ्यांनी. अनेक वस्त्यांतून आमच्या माणसांनी पुढे स्वतःचे आखाडे काढले ते या अनुभवातून.

आमच्या शरीराला शिस्तशीर शिक्षण मिळाले ते पलटणीत. १ जानेवारी १८१८च्या कोरेगावच्या लढाईत महार शिपाई होते हे सर्वश्रुत आहे. त्याच महारांची भरती १८९२च्या सुमारास बंद झाली. कारण सांगितले गेले ते लढाऊ जातींच्या सिद्धान्ताचे. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची १११वी पलटण उभी राहिली, आणि गरज संपल्यावर १९२१ साली ती मोडली गेली. बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली ती १९४१ साली. पन्नास वर्षांत आमच्या अंगातले रक्त बदलले नव्हते, गरज मात्र बदलली होती. कोण बलवान आणि कोण दुर्बल हे निसर्ग ठरवतो असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाहावा.

पलटणीत आमच्या माणसाने कवायत शिकली. कवायतीतही हुकूम असतो, पण तिला वेळ असते, क्रम असतो आणि थांबण्याचाही हुकूम असतो. १९२७ सालच्या महाडच्या परिषदेला पलटणीतून आलेली माणसे होती. समता सैनिक दलाच्या संचलनात ही शिस्त वस्तीतल्या तरुणांपर्यंत आली. वेठीसाठी वाकणारी पाठ स्वतःच्या निश्चयाने ताठ झाली, हा त्या काळाचा खरा अर्थ मला वाटतो. तेथून पुढचे काम शाळेचे होते.

४

शाळेत मात्र वजन शिरायला फार वेळ लागला. वजन उचलले की स्नायू आखडतात, चपळाई जाते, उंची खुंटते आणि हृदय बिघडते, असे शिक्षक आणि डॉक्टर दोघेही सांगत. मीही प्रशिक्षणात हेच ऐकले होते.

हा समज कसा मोडला ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांवर शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर उपचार करीत होता. दुबळ्या पायाला हलका भार देऊन पुष्कळ वेळा हालचाल करायला लावावी, अशी तेव्हाची पद्धत होती. डिलॉर्म लहानपणी संधिवाताच्या तापाने आजारी पडला होता आणि वजनाच्या व्यायामाने सावरला होता. त्याने सैनिकांना जड भार थोड्याच वेळा उचलायला दिला आणि जसजशी ताकद आली तसतसा तो वाढवला. १९४५ साली त्याने हे काम प्रसिद्ध केले. पुढे वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने रीत अधिक सोपी केली. दहा वेळाच उचलता येईल असे वजन शोधायचे. पहिल्या फेरीत त्याच्या निम्मे, दुसऱ्या फेरीत पाऊण, तिसऱ्या फेरीत पूर्ण. वजनाचे मोजमाप उचलणाऱ्याच्या स्वतःच्या शक्तीवरून करायचे, ही या रीतीतली मोठी गोष्ट आहे. १९५१ साली झोर्बास आणि कार्पोविच यांनी सहाशे तरुणांच्या हातांच्या हालचालीचा वेग मोजला. त्यांतले निम्मे वजन उचलणारे होते, आणि तेच अधिक वेगवान निघाले. आखडण्याची भीती खोटी ठरली.

उंची खुंटण्याची भीती मात्र टिकली, आणि इथे आमचा प्रश्न परत येतो. १९६४ साली टोकियो येथील क्रीडाविज्ञान परिषदेत काटो आणि इशिको या जपानी संशोधकांनी एक निरीक्षण मांडले. दुर्गम भागातल्या, लहानपणापासून जड मेहनत करणाऱ्या मुलांच्या हाडांची वाढ खुंटलेली आढळली होती. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चा असते, हाड लांबते ते तिच्यातून. ती इजा पावली की वाढ बिघडू शकते. पुढे जगभर हे निरीक्षण मुलांच्या वजनाच्या व्यायामाविरुद्ध दाखला म्हणून वापरले गेले. वास्तविक ती मुले व्यायाम करीत नव्हती, ती मजुरी करीत होती. निष्कर्ष बालमजुरीविरुद्ध निघायला हवा होता. तो निघाला व्यायामशाळेविरुद्ध.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही १९८३ साली सावध सूर लावला होता: वयात येण्यापूर्वी अशा व्यायामाचा फारसा उपयोग नाही. पुढच्या संशोधनाने हे मत बदलले. २००८ आणि २०२० सालच्या तिच्या निवेदनांनी योग्य देखरेखीखालील व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आणि हितकारक मानला. वयात येण्यापूर्वी स्नायू फारसे फुगत नाहीत, पण मज्जातंतू अधिक स्नायूतंतूंना एकाच वेळी कामाला लावायला शिकतात, आणि ताकद त्यातून वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारी हालचाल सांगितली आहे. दुखापती होतात त्या प्रामुख्याने देखरेख नसताना, पैजेच्या भरात आणि चुकीच्या पद्धतीने. लहान मुलांत तर बहुतेक वेळा वजन पायावर पडते किंवा बोट चेमटते. माझ्या शाळेतला अपघात या वर्णनात तंतोतंत बसतो. चूक दांड्याची नव्हती, माझी होती.

५

अपघातानंतर मी सिमेंटचे डबे मोडून टाकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून ती पद्धत इथे सांगतो.

पहिले चार आठवडे वजनाला हात लावायचा नाही. फक्त बैठका, जोर आणि हातात बांबूची काठी. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने, पाठ सरळ, वाकायचे ते कमरेच्या सांध्यातून. जमिनीवरची वस्तू उचलताना ती नडगीजवळ ठेवायची. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. काठीने हे बिनचूक जमले की मग भार.

भारासाठी आम्ही कापडी पिशव्यांत वाळू भरली. वाळूचा फायदा असा की भार किलोकिलोने वाढवता येतो. ज्या वजनाने दहा ते पंधरा वेळा नीट उचलता येईल आणि शेवटी आणखी दोन वेळा जमले असते असे वाटेल, ते त्या मुलाचे वजन. लागोपाठ दोन दिवस पंधरा वेळा सहज जमले तरच वाढ, तीही शंभरात पाच ते दहा. म्हणजे वीस किलोवर एक किंवा दोन किलो. एका व्यायामाच्या एक-दोन फेऱ्या. आठवड्यातून दोन दिवस, आमचे सोमवार आणि गुरुवार. मधले दिवस मोकळे. दहा मुलांमागे एक जाणता माणूस. बाकावर पडून दांडा उचलायचा असेल तर डोक्याशी एक जण उभा असलाच पाहिजे. मुले त्याला 'राखण्या' म्हणत. एकट्याने कधीच नाही, आणि जास्तीत जास्त किती उचलतो याची पैज वर्षभर नाही.

प्रत्येकाच्या नावाचे एक पान वहीत असे. तारीख, वजन, किती वेळा. पहिल्याच महिन्यात एक गोष्ट लक्षात आली. गेल्या आठवड्यात बारा किलो नीट उचलणारी मुलगी या सोमवारी आठालाच थरथरत होती. विचारले तर म्हणाली, "सर, सकाळी पाणी भरलं." अर्ध्या किलोमीटरवरून पंधरा लिटरच्या हंड्याच्या सहा खेपा. म्हणजे शाळेत येण्याआधीच नव्वद किलो पाणी तिने डोक्यावरून आणले होते. त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढवला: आज घरी काय उचललेस? ज्याने त्या दिवशी जड काम केले असेल त्याला वजन द्यायचे नाही, हातपाय मोकळे करून घरी पाठवायचे.

हा रकाना कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला सापडला नाही, पण तोच सर्वांत बोलका ठरला. वीटभट्टीवर जाणारा एक मुलगा रविवारी डोक्यावर आठ विटा घेऊन शंभर खेपा करी. वीट तीन किलोची धरली तर खेपेला चोवीस किलो आणि दिवसाला चोवीसशे. शाळेत तोच मुलगा चार व्यायाम, प्रत्येकी दोन फेऱ्या, फेरीला दहा वेळा, सरासरी बारा किलोने करी. एकूण नऊशे साठ किलो, आणि तेही मध्ये बसून, पाणी पिऊन. हिशेब ढोबळ आहे, वाहणे आणि उचलणे एक नव्हे. पण त्यावरून हे दिसले की या मुलांना भाराची कमतरता कधीच नव्हती. मापाची होती. दिवाळीनंतर कित्येक पाने कोरी राहत. त्या मुलांचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले असत आणि मुलेही त्यांच्यामागे गेलेली असत. व्यायामाची वही म्हणून सुरू केलेली ती वही गावातल्या बालश्रमाचा दाखला झाली. पालक सभेत मी ती वाचून दाखवली तेव्हा दोन-तीन घरांतून मुलींच्या पाण्याच्या खेपा कमी झाल्या. फार नाही, पण झाल्या.

मुली हा या विषयातला वेगळा अध्याय आहे. हंडा आणि सरपण चालते, पण वजन उचलणे बाईपणाला शोभत नाही, असे म्हणणारे पालक आमच्यातही होते. २००० साली सिडनीत स्त्रियांच्या वजन उचलण्याला प्रथमच ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला आणि कर्णम मल्लेश्वरीने कांस्यपदक आणले, तेव्हा माझे काम थोडे सोपे झाले. २०२१ साली टोकियोत मीराबाई चानूने रौप्यपदक जिंकले. ती लहानपणी लाकडाची मोळी वाही, त्याचे कौतुक सगळ्या वर्तमानपत्रांनी केले. मला तिच्या मोळीपेक्षा तिला लाभलेले प्रशिक्षण मोलाचे वाटते. मोळ्या वाहणाऱ्या मुली या देशात लाखो आहेत, आणि नुसत्या मोळीने पदक मिळत नाही.

६

दोन गोष्टींचा इशारा दिल्याशिवाय हा विषय संपत नाही. अन्नाशिवाय वजनाचा व्यायाम म्हणजे पुन्हा वेठच. डाळ, शेंगदाणे, हरभरे, अंडी, सुकट यांपैकी जे परवडेल ते मुलाच्या ताटात पाहिजे. मार्च २०१५मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाली आणि गरिबाच्या ताटातले एक स्वस्त सकस अन्न गेले, हे शरीराच्या गोष्टी करणाऱ्यांनी विसरू नये. डब्यातल्या महागड्या पावडरी आणि त्यांच्याही पलीकडची इंजेक्शने यांपासून मुलांना दूर ठेवणे हे शिक्षकाचे काम आहे.

दुसरे असे की वस्तीतल्या तरुणाच्या दंडाला निवडणुकीच्या दिवसांत भाव येतो. कमावलेले शरीर दुसऱ्याच्या हुकमावर वापरायला दिले की पुन्हा तेच गावगाड्याचे नाते सुरू होते, फक्त डोक्यावरचे सामान बदलते. आरशासमोर दंड फुगवण्यापलीकडे शरीराचा काही विचार मुलांना दिला नाही तर हे होणारच.

आता त्या हमालाच्या प्रश्नाकडे येतो. मुलाचे मनगट जुळून आले. पुढच्या जूनमध्ये तो दहावीत गेला, आणि वडिलांची परवानगी घेऊन ये असे मी त्याला सांगितले. परवानगीऐवजी वडीलच आले. मी त्यांना वही दाखवली. त्यांना वाचता येत नव्हते, मुलाने एकेक ओळ वाचून दाखवली. एका मुलाच्या पानावर दहा किलो, बारा किलो आणि मग ताप आल्यामुळे पुन्हा सात किलो असे लिहिलेले होते. तिथे त्यांनी बोट ठेवले.

"हे सात कुनी केलं?"

"त्यानंच, दादा. त्याला झेपेना, म्हणून उतरवलं."

"उतरवलं तर कोन बोलत नाय?"

"नाही."

ते थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. वजन मोजून देणारा काटा त्यांनी आयुष्यभर पाहिला होता, पण तो पोत्यासाठी. शंभर किलोचे पोते माणसाच्या पाठीवर देताना माणसाचा काटा कोणी लावला नव्हता. एका माणसाने उचलायच्या वजनावर पंचावन्न किलोची मर्यादा असावी अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली होती. महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला. त्यांच्या बाजारात यातले काही पोचले नव्हते. मुलाला त्यांनी एवढेच सांगितले, "कर. पन वहीत ल्हीत जा."

मुलाने पाच किलोने सुरुवात केली.

ओझे आणि वजन यांतला फरक मला त्या माणसाच्या प्रश्नाने शिकवला. किती उचलायचे, केव्हा थांबायचे आणि केव्हा उतरवायचे हे दुसरा ठरवतो तेव्हा ते ओझे होते. हा निर्णय घ्यायला मुलाला शिकवणे, हेच शाळेतल्या या व्यायामाचे पहिले उद्दिष्ट असले पाहिजे. दंडाचा घेर त्यानंतर. आपल्या वस्तीत, विहाराच्या ओसरीवर किंवा शाळेच्या मैदानावर जे कार्यकर्ते आणि शिक्षक हे काम करतील, त्यांनी साहित्याची वाट पाहू नये. वाळू, कापड आणि एक वही पुरते. सुरुवात मात्र त्या रकान्यापासून करावी. समोर उभ्या असलेल्या मुलाला आधी विचारावे, आज घरी काय उचललेस? आणि त्याचे उत्तर लिहून ठेवावे.